5 एकरांत ठिबक करायचंय. मातीचा नकाशा काढून पाण्याचं नियोजन करणं लहान शेतकऱ्याला जमतं का?

जमतं. एक पहार, एक मजूर आणि दोन दिवस लागतात. पण तुम्ही म्हणताय की माती परीक्षणाचा अहवाल हातात आहे, त्यावरून कुठे किती पाणी द्यायचं ते काढता येईल का, तर ते नाही येणार. मृदा आरोग्य पत्रिकेवर, म्हणजे सरकारी माती परीक्षणाच्या अहवालावर, 12 गोष्टी असतात: सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. खतासाठी ते ठीक आहे. पाण्यासाठी ज्या दोन गोष्टी लागतात, मातीची खोली आणि पोत, त्या त्यात नाहीतच. शिवाय बागायतात अडीच हेक्टरला एक नमुना असा या योजनेचा मूळ हिशोब. म्हणजे तुमच्या अख्ख्या रानाला मिळून एक नमुना, आणि तो शेजाऱ्याच्या रानातून घेतलेलाही असू शकतो.

सरकारी नकाशांचंही तेच. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोने देशभरातल्या मातीची पाहणी 1:2,50,000 या प्रमाणावर केली. काम मोठं आहे, पण त्या कागदावर तुमचं शेत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका.

आमचं रान पारनेर तालुक्यात, माळापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं. वर फूटभर मुरमाड, खाली ओढ्याकडे पहार बुडेल इतकी काळी. दख्खनच्या पठारावर बहुतेक शिवारं अशीच: खडक वर झिजतो आणि बारीक माती वाहून खाली साठते. आम्ही डाळिंब लावलं तेव्हा ठिबकवाल्याने बांध मोजला, कागदावर चौकोन काढला आणि चार एकरांना एकच व्हॉल्व्ह दिला. आम्हीही मान डोलावली. वरची झाडं दुपारी माना टाकायची म्हणून पाणी वाढवलं, तर खालच्या काळीत ओल हटेना, वाफसाच येईना. तिसऱ्या वर्षी खालच्या चार ओळींत मर रोग शिरला, झाडं वाळू लागली. मग पाइप उकरून सेक्शन वेगळे केले, म्हणजे नळीचा खर्च दोनदा.

आता नकाशाचं. आधी घरातल्या जुन्या माणसाला आणि नेहमीच्या ट्रॅक्टरवाल्याला रानातून फिरवा. फाळ कुठे खडखडतो, ट्रॅक्टर कुठे रुततो, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाण्याची पाळी दिल्यावर कोणता तुकडा आधी सुकतो ते तुम्हालाही माहीत असेल. गूगल अर्थवर एप्रिल-मे महिन्यांतली जुनी चित्रं पाहा, नांगरलेल्या उघड्या रानात मुरूम आणि चुनखडी फिकट दिसते. मग गट नंबरचा नकाशा मोठा करून त्यावर हे पट्टे पेन्सिलीने काढायचे आणि प्रत्येक पट्ट्यात दोन-तीन खड्डे घ्यायचे. तीन फूट, किंवा मुरूम लागेपर्यंत. सपाटीकरण झालेलं असेल तर खड्डे वाढवा. जेसीबीने वरची माती उचलून खाली ओतलेली असते, मग उतार पाहून बांधलेला अंदाज साफ चुकतो. आमच्या एका तुकड्यात वर दीड फूट काळी आणि तिच्याखाली निव्वळ भरावाचा मुरूम निघाला.

पोत हातानेच कळतो. माती ओली करून मळायची आणि अंगठा-तर्जनीत दाबत पट्टी काढायची. दोन इंचांहून लांब निघाली तर चिकण, इंचाच्या आत तुटली तर पोयट्याची, पट्टीच निघत नसेल तर वाळूसर. खडे किती आहेत तेही लिहून ठेवा, कारण खडा पाणी धरत नाही.

आता हिशोब. भारी काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण 200 मिलिमीटर पाणी धरते, हलकी मुरमाड 80 च्या आसपास. म्हणजे तीन फूट काळीत 180, फूटभर मुरमाडात 25 सुद्धा नाही. निम्मं संपलं की पाणी द्यायचं, हा ढोबळ नियम. हिवाळ्यात खोल मुळाचं पीक दिवसाला 4 मिलिमीटर पितं असं धरलं, तर काळीला पाळी बावीस दिवसांनी आणि मुरमाडाला तीन दिवसांनी. एकाच बांधाच्या आत एवढा फरक! कांद्यासारख्या उथळ मुळांच्या पिकाला मात्र काळीतही फूटभराचाच हिशोब धरायचा.

एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे जवळपास 4,000 लिटर. मुरमाडाला एका वेळी 12 मिलिमीटर, म्हणजे 48,000 लिटर पुरे. त्यापुढचं सगळं मुळांखाली जातं, जाताना युरियाही घेऊन जातं. पंप किती फेकतो ते 200 लिटरचा ड्रम भरायला लागणाऱ्या वेळावरून काढा. 40 सेकंदांत भरला तर तासाला 18,000 लिटर, म्हणजे मुरमाडाच्या एकराला दोन तास चाळीस मिनिटं. रात्रपाळीची लाइट आहे म्हणून मोटर चालू ठेवून झोपायची सवय इथेच महागात पडते.

ठिबकचे सेक्शन या पट्ट्यांवर पाडा, मग ओळी वाकड्या झाल्या तरी चालेल. हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली उतरतं, म्हणून ड्रीपर जवळ, फूटभरावर, आणि तीन दिवसांचं पाणी एकदम देण्याऐवजी थोडं थोडं, रोज. भारीत ते आडवं पसरतं, तिथे दीड-दोन फुटांवर कमी प्रवाहाचे ड्रीपर, नाहीतर वर डबकी साचतात. ओलाव्याचा सेन्सर घेणार असाल तर पट्टे ठरल्यावरच घ्या. काळीत रोवलेला सेन्सर मुरमाडाचं काही सांगत नाही.

तुमच्या त्या अहवालातले दोन आकडे मात्र इथेही कामाचे, सामू आणि क्षारता. सामू साडेआठच्या वर असेल तर जमीन चोपण असू शकते. अशा मातीत पाणी मुरतच नाही, तिथे आधी निचऱ्याचं पाहावं लागेल. तो आकडा आणि खड्ड्यांची खोली इथे टाका, सेक्शन कसे पाडायचे ते सांगतो. ठिबकवाल्याला तोवर ॲडव्हान्स देऊ नका.