शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग एकच असते का?

नाही, शिपिंग बिल हे निर्यातदाराने सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेले विवरण असते, तर बिल ऑफ लेडिंग हे जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्यावर निर्यातदाराला दिलेले कागदपत्र असते. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ५० नुसार शिपिंग बिल सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवर भरावे लागते आणि कलम ५१ खाली ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ (माल निर्यात करू देण्याची सीमाशुल्क अधिकाऱ्याची परवानगी) मिळाल्याशिवाय न्हावा शेवा बंदरातून कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. बिल ऑफ लेडिंग मात्र मालाची पावती, वाहतूक कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा दस्तऐवज (मूळ प्रत ज्याच्याकडे, त्याला माल सोडवून घेता येतो) अशी तिन्ही कामे करते. म्हणून पूर्ण रक्कम हाती येण्यापूर्वी त्याच्या मूळ प्रती (बहुधा तीन असतात) थेट खरेदीदाराकडे मुळीच पाठवू नयेत, त्या बँकेमार्फतच द्याव्यात, असे नव्या निर्यातदारांना मी आग्रहाने सांगेन. हे समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला लागू आहे. विमानाने पाठवलेल्या मालाचे एअरवे बिल हक्काचा दस्तऐवज नसते, त्यामुळे केवळ ते स्वतःकडे ठेवल्याने आपले पैसे सुरक्षित राहत नाहीत.