काळ्या सुती पँटवर ब्लीचचे शिंतोडे उडालेत, केशरी ठिपके धुऊनही जात नाहीत. काय करू?

धुऊन जाणार नाहीत, तेव्हा आधी घासणं थांबवा. कपड्यावर काही लागलेलं असतं तेव्हा ते काढता येतं. इथे उलट झालंय, होता तो रंगच गेलाय. घरगुती ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट रंगाच्या रेणूचा नेमका तो भाग मोडतं, ज्यामुळे रंग दिसतो. काळा रंग बहुधा दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो आणि ते सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत. चिवट असतो तो मागे उरतो, म्हणून ठिपका पांढरा न दिसता केशरी किंवा तांबूस दिसतो.

रंग भरण्याआधी धाग्यात ब्लीच उरलेलं नाही ना, याची खात्री करा. उरलं असेल तर ते सूत कमकुवत करत राहतं, आणि वरून लावलेला नवा रंगही खाऊन टाकतं. भरपूर गार पाण्यात खळबळून घ्या. मग शक्य असेल तर सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा (माशांच्या टाकीतलं क्लोरीन घालवायला वापरतात तेच) आणि पुन्हा स्वच्छ धुवा. ते नसेल तर ३% हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं, फक्त आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून बघा. ब्लीच मारायला व्हिनेगर ओता असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचंही तेच, त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो.

आता रंग. ठिपके बारीक आणि मोजकेच असतील तर मी कपड्यांवर चालणारा पक्क्या शाईचा मार्कर घेईन. पण काळ्यात काळे बरेच असतात. एखादा निळसर, एखादा तपकिरी, एखादा जांभळट. पांढऱ्या चिंधीवर रेघ ओढून दिवसाच्या उजेडात पँटशेजारी धरा. लावताना टोक ठिपक्याच्या मधोमध टेकवा आणि कडेच्या थोडं अलीकडेच थांबा, कारण शाई धाग्याधाग्याने पुढे सरकते आणि कडेपर्यंत आपोआप पोचते. कडेवरच टेकवलं तर भोवती गडद कडं उमटतं, ते मूळ ठिपक्यापेक्षा जास्त डोळ्यात भरतं. केशरी फार भडक असेल तर आधी हलका निळा हात द्या, वाळू द्या, मग काळा. थेट काळा दिला तर खालचा केशरी डोकावतो आणि ठिपका चॉकलेटी दिसतो.

स्पिरिटमध्ये कापूस भिजवून आजूबाजूचा रंग डागावर ओढायचा, ही युक्तीही सगळीकडे सांगितली जाते. सुती कपड्याचा रंग पक्का असेल तर तो ओढला जातच नाही, आणि कच्चा असेल तर आजूबाजूची जागा फिकी पडते. माझा तरी तिच्यावर भरवसा नाही.

शिंतोडे खूप असतील तर अख्खी पँट रंगवा. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग सर्वांत टिकाऊ, तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. गरम पाणी आणि मिठात करायचा साधा रंगही चालतो, पण तो प्रत्येक धुण्यात थोडाथोडा जातो. ठिपके मार्करने नाही, तर त्याच रंगाच्या घट्ट द्रावणाने आधी वेगळे टिपून घ्या, नाहीतर सगळी पँट एक छटा गडद होते आणि ठिपकेही एक छटा गडद होतात, फरक तेवढाच राहतो. कपडा ओला करूनच रंगात घाला आणि सतत हलवत राहा. शिवणीचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, तो हा रंग धरणार नाही, हे आधीच लक्षात घ्या. लोकर किंवा रेशीम असेल तर गोष्ट निराळी. क्लोरीनच्या ब्लीचने ते तंतूच खराब होतात, तिथे रंगापेक्षा रफू नाहीतर ठिगळच करावं लागतं.

आणि ब्लीचला हात न लावताही उशीच्या अभ्र्यावर किंवा टॉवेलवर असेच केशरी डाग पडत असतील, तर मुरुमांच्या क्रीमची ट्यूब वाचा. बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर तोच चोर. पांढरे अभ्रे वापरायला लागा.