पेसमेकरच्या तारांना जंतुसंसर्ग

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ७१) सहा वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला असून गेल्या वर्षी त्याची बॅटरी बदलली. दोन महिन्यांपासून त्यांना थंडी वाजून ताप येतो, गोळ्यांनी उतरतो आणि पुन्हा येतो. छातीवरची ती जागा लालसर दिसते. आम्ही हळदीचा लेप लावून शेकतो आहोत. आता डॉक्टर तारांसकट पेसमेकर काढायला सांगतात. औषधांनी भागणार नाही का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : लेप आणि शेक आजच थांबवावा. त्या जागी सुई घालून पू काढून घेण्याचा आग्रहही धरू नये, कारण त्यातून बाहेरचे जंतू आत जाऊ शकतात.

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो. बॅटरी बदलताना जुनी जागा पुन्हा उघडावी लागते आणि त्यानंतर संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. बहुधा त्वचेवरचेच स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू तारेवर चिकट थर धरतात, त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि तार शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात गेलेली असल्याने संसर्ग झडपेपर्यंत जाऊ शकतो. गोळ्यांनी उतरलेला ताप म्हणूनच फसवा असतो. शिवाय अधूनमधून घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून शोधण्याच्या तपासणीत) जंतू सापडेनासे होतात. पुढचे औषध सुरू होण्यापूर्वी वेगवेगळ्या जागांतून रक्ताचे किमान तीन नमुने घेतले जावेत. छातीवरून केलेली साधी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आली, तरी अन्ननलिकेतून केली जाणारी इको टाळू नये.

वर्षाहून जुनी तार शिरेला आणि हृदयाच्या आतल्या भिंतीला चिकटते, त्यामुळे ती खास नळ्यांनी, कधी लेझरने, सोडवावी लागते. क्वचित शीर किंवा हृदय फाटण्याचा धोका असल्यामुळे हे काम हृदयशस्त्रक्रियेची टीम हाताशी असलेल्या केंद्रातच व्हावे, मग त्यासाठी पुणे गाठावे लागले तरी चालेल.

त्यानंतर साधारण ४ ते ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागते. मधल्या काळात गरज पडल्यास तात्पुरता पेसमेकर लावतात. नव्या पेसमेकरची खरोखर गरज आहे का, हे आधी तपासतात. असल्यास कल्चर किमान ७२ तास निर्जंतुक राहिल्यावर तो शक्यतो दुसऱ्या बाजूला बसवतात.

जाताना पेसमेकरचे कार्ड आणि आजवर घेतलेल्या अँटिबायोटिकची तारखांसह यादी सोबत न्यावी.