मशीन राहू द्या, आधी ती पॉलिसी बघू

नाशिकच्या सिडकोतून आलेलं पत्र, थोडक्यात: "वय ३४. अंबडच्या कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, हातात ३८ हजार पडतात. दोन वर्षांपासून घरीच बुलेट, जावा, येझदीची स्पोकची चाकं बांधून देतो. गेल्या वर्षी ७० चाकं झाली, चाकामागे मजुरी १,५००. स्पोकला आटे पाडायचं मशीन तीन लाखांना मिळतंय, बँक १४ टक्क्यांनी पर्सनल लोन देते आहे. रविवारी दोन चाकं होतात, म्हणजे महिन्याला पन्नास सहज, ७५ हजार. नोकरी सोडू का? ता. क. घरच्यांची काळजी नाही, १० लाखांची पॉलिसी आहे. वर्षाला ९६ हजार भरतो. गेल्या वर्षीचा हप्ता बायकोच्या पाटल्या ठेवून भरला, पण शेवटी २६ लाख येणार आहेत."

मशीनचं आधी उरकू. ७० पैकी स्पोक मुद्दाम मापाने करून घ्यावे लागले अशी चाकं तुम्हीच लिहिलीत, ११. बाकीच्यांना तयार सेट बसले. बाहेरून करून घ्यायला सेटमागे १,२०० जातात, म्हणजे वर्षाला १३ हजार. तीन लाखांचं कर्ज तीन वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला सव्वादहा हजार, नुसतं व्याज ६९ हजार. वर्षाचे १३ हजार वाचवायला महिन्याला सव्वादहा हजार? नको.

पन्नास चाकांचं म्हणाल तर दर रविवारी दोन धरली तरी वर्षाची १०४ व्हायला हवीत. झाली ७०. दिवस वाढवले म्हणून गिऱ्हाइकं वाढत नाहीत. नव्या गाड्या बहुतेक बिनस्पोकच्या अलॉय चाकांवर निघतात. तुमच्याकडे येतो तो हौशी माणूस, आणि हौस पगाराच्या आठवड्यात येते.

कामाबद्दल मात्र मला शंका नाही. गॅलरीच्या भिंतीत जुन्या बुलेटचा चिमटा बसवून त्यावर डायल गेज, म्हणजे चाकाची डगमग मोजायचं घड्याळ, लावता, ती डगमग अर्ध्या मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय चाक हातातून सोडत नाही, ३०० किलोमीटरनंतर परत बोलावून सैल पडलेले स्पोक ताणून देता. वाचून बरं वाटलं. माझ्या वडिलांच्या राजदूतचं चाक भद्रकालीतले एक मिस्त्री बांधायचे. पान्याने एकेक स्पोक वाजवत जायचे. टण्ण आवाज आला की पुढचा, थप्प आला की निपलला, म्हणजे स्पोक ताणायच्या नटाला, पाव फेरा. पण गंजलेले निपल कापण्यापासून त्या फुकटच्या दुसऱ्या फेरीपर्यंत एका चाकाला सहा-सात तास जातात. १,५०० रुपयांत तासाला सव्वादोनशे पडले. मजुरी २,५०० करा. गिऱ्हाइकं थोडी तुटतील, तुटू द्या. नोकरी ठेवा.

आता ता. क. कडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

विकणारा मावसभाऊ आहे हे तुम्ही लिहिलं नसतंत तरी मी ओळखलं असतं. १५ वर्षं ९६ हजार भरायचे, म्हणजे १४ लाख ४० हजार. २० वर्षांनी २६ लाख. "जवळजवळ दुप्पट" असं तो म्हणाला असणार. हिशोब केला तर दरसाल साडेचार टक्के पडतात, तेही पॉलिसीवर कंपनी जाहीर करते तो बोनस आजच्यासारखाच राहिला तर. पीपीएफवर ७.१ टक्के मिळतात. आणि हे साडेचार टक्के मिळवायला तुम्ही १२ टक्क्यांनी सोनं गहाण ठेवलंत, वर १४ टक्क्यांचं कर्ज काढायला निघालात.

विमा म्हणून बघायचं तर घरखर्च ३० हजार. १० लाख तीन वर्षंही पुरत नाहीत. मुलगी पाच वर्षांची आहे.

"आता बंद केली तर नुकसान," हेही त्यानेच सांगितलं असेल. खरं आहे. तीन हप्त्यांचे २ लाख ८८ हजार गेलेत आणि सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्याचे, १ लाख १० हजार मिळतील असं कंपनीने लेखी दिलंय. पण गेलेलं सोडून फक्त पुढचं मांडलं, तरी चालू ठेवल्याचा परतावा सहा टक्क्यांच्या आसपासच येतो. त्यासाठी अजून बारा वर्षं भरायचं. चौथा हप्ता भरू नका.

मात्र आधी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा नुसता विमा, हातात येऊ द्या, मगच सरेंडरचा फॉर्म भरा. मध्ये एक दिवसही रिकामा नको. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला बारा-पंधरा हजार. सप्टेंबर २०२५ पासून यावर जीएसटीही नाही.

दुसरं आईचं. मधुमेह आहे आणि "कंपनीचा मेडिक्लेम आहे" एवढ्यावर तुम्ही निवांत आहात. नोकरी सुटली की तो सुटतो. पीएफसोबतचं सात लाखांपर्यंतचं विमाकवचही नोकरीत असेपर्यंतच. आईच्या नावाने स्वतंत्र आरोग्य विमा आजच घ्या, अर्जात मधुमेह लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तो काळ कंपनीच्या छत्राखाली निघून जाईल. हप्ता पंचवीस-तीस हजार धरा. दोन्ही मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार, म्हणजे ९६ पैकी निम्मे उरलेच. ते सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत रिकरिंगमध्ये टाका.

मावसभावाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्याने नवी पॉलिसी सुचवली तर फक्त चहा पाजा.

सरेंडरचे पैसे आले की त्याच दिवशी पाटल्या सोडवा. ६० हजार मुद्दल आणि व्याज मिळून ६७-६८ हजार होतील. उरलेल्या चाळीसेक हजारांतून एकही हत्यार घ्यायचं नाही. डायल गेज आहे तेवढं पुरतं.