ग्रीक ब्राँझच्या नाण्यावर दाढीवाला चेहरा आणि मागे त्रिशूळ, हा देव कोणता?

हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. त्रिशूळ बघून आपल्याला आधी शंकर आठवतो, पण पोसायडनचा त्रिशूळ म्हणजे मासे मारायचा तीन टोकांचा भाला.

असं नाणं बहुधा सिसिलीतल्या सिराक्यूजचं, राजा दुसरा हिएरोन याच्या काळातलं असतं. तो इ.स.पू. २१५ मध्ये वारला. आर्किमिडीज त्याच्याच नगरात राहायचा. मागची बाजू भिंगाखाली नीट बघा: त्रिशुळाच्या दोन्ही अंगांना एकेक डॉल्फिन, आणि दांड्याने दुभंगलेली ग्रीक अक्षरं, ‘हिएरोनोस’, म्हणजे ‘हिएरोनचं’. पुढच्या बाजूला देवाच्या केसांना बांधलेली फीतसुद्धा दिसेल. मला ती फार सुंदर वाटते. रोजच्या बाजारातलं सुटं नाणं, तरी कोरणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही.

कृपा करून ते घासू नका, हिरवा थर तसाच राहू द्या.