"कोर्टात तो समोर असेल ना?"

बलात्काराच्या केसमध्ये साक्षीची तारीख जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकीकडून हाच प्रश्न येतो. एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती आली तेव्हा समन्सची इतकी बारीक घडी घातलेली की उघडताना कागद फाटायला आला. घटनेला दोन वर्षं झालेली, झोप जरा कुठे जागेवर आलेली आणि त्यात हे. म्हणाली, सगळ्यांसमोर सांगायचं, तो बघत बसणार, वरून मला वेळ नीट आठवत नाही म्हणजे मीच खोटी ठरणार. आणि लगेच, "मॅडम, काय बोलायचं ते तुम्हीच लिहून द्या ना, पाठ करते."

हे मात्र मी करत नाही. आरोपीचे वकील उलटतपासणीत "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" असं विचारतातच, आणि पाठ केलेलं मधेच तुटलं की माणूस पार गडबडतो. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, तेही उत्तरच आहे. अशा प्रसंगात वास लख्ख आठवतो आणि वेळ आठवत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

त्यापेक्षा मी खोली दाखवते. सरकारी वकिलांशी बोलून आम्ही आधीच रिकाम्या कोर्टात जाऊन आलो, जज कुठे बसतात, तिने कुठे उभं राहायचं (खुर्ची मागता येते, हे कुणी सांगतच नाही). बलात्काराची केस इन कॅमेरा चालते म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला, तिला वाटलं शूटिंग करणार! अगं, बंद दाराआड, बाहेरचं कुणी नाही. जजनी परवानगी दिली तर आपलं एखादं माणूस सोबत थांबू शकतं. स्वतःचा वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

आरोपी कोर्टात असतो, ते मी लपवत नाही. पण तो दिसू नये म्हणून पडदा लावता येतो, सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय, आणि २०२२ मध्ये तर वय काहीही असलं तरी लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना असुरक्षित साक्षीदार (म्हणजे साक्ष देताना ज्यांना जास्त जपावं लागतं असे) धरा आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्यांच्या साक्षीसाठी वेगळी केंद्रं करा असंही सांगितलं. पण मागितल्याशिवाय पडदा लागेलच असं नाही, म्हणून सरकारी वकिलांना आधी भेटून त्याच्या अर्जाचं बघा, साक्षीच्या सकाळी नको. संमतीचा वाद असेल तर पूर्वीच्या संबंधांवरून, चारित्र्यावरून प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे. तरी आडून आडून विचारतात, तेव्हा लगेच उत्तर न देता जजकडे बघायचं, एवढंच तिला सांगितलेलं.

दोन तारखा नुसत्या पुढे गेल्या. तिसऱ्यांदा साक्ष झाली, तीन-चारदा "आठवत नाही" म्हणाली, एकदा ब्रेक मागितला, तो मिळाला. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "मॅडम, पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पडदा मागताना जमिनीपर्यंतचा मागते.