माझ्या १३ वर्षांच्या मुलीची मान काळी पडली आहे, घासूनही निघत नाही. कोणते क्रीम लावू?

आधी घासणं बंद करा. तो मळ नाही.

माझी मान आठवीत काळवंडली. दर रविवारी आई मला मोरीत बसवून वज्रीने मान घासायची. टाचा घासायची वज्री! वर लिंबू-साखर. दिवसभर आग व्हायची, सोमवारी गणवेशाची कॉलर टोचायची. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, त्यामुळे मान झाकायचीही सोय नाही. आणि आत्या आली की तिच्यादेखत, "हिला अजून आंघोळ करता येत नाही." अशी पाच वर्षं गेली. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, पण त्याचा आणि मानेचा संबंध कुणी लावला नाही.

शेवटी पाळीसाठीच डॉक्टरांकडे गेले. बाईंनी आधी मान बघितली, मग काखा. म्हणाल्या, "ॲकँथोसिस निग्रिकन्स. साखर तपासू." एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढत जातं आणि त्याने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, पाळीही लांबू शकते. कातडी मखमलीसारखी जाड होते, घासली की आणखी चिघळते. त्या दिवशी मी दवाखान्यातच रडले.

रोज पाऊण तास चालणं, चहासोबतची खारी बंद, डॉक्टरांनी दिलेलं मेटफॉर्मिन. नऊ किलो उतरले, दीड वर्षात मान बरीच निवळली. पूर्ण नाही.

क्रीमचं म्हणाल तर युरियाचं किंवा रेटिनॉइडचं मलम त्वचारोगतज्ज्ञ देतात, थोडा फरक पडतो. मेडिकलमधून गोरं करणारी स्टेरॉइडवाली ट्यूब मात्र आणू नका, कातडी पातळ होते. त्याआधी मुलीचं वजन-उंची, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी बघा. पाळी सुरू झाली असेल तर ती वेळेवर येते का, तेही.

हो, प्रत्येक काळी मान साखरेचीच नसते. काही घराण्यांत असते, काही औषधांनीही होते. आणि मोठ्या माणसाचं वजन घटत असताना हा काळेपणा अचानक तळहात, तोंडापर्यंत पसरला तर लगेच दाखवा, क्वचित पोटातल्या कर्करोगाची ती खूण असते.

मुलीला चारचौघांत मानेवरून बोलू नका, आणि आजी-आत्यालाही बोलू देऊ नका. रिपोर्ट दाखवूनही माझी आई परवा म्हणालीच, "पण तेव्हा तू आंघोळ नीट करत नव्हतीस." करत होते. दिवसातून दोनदा करत होते.